दुरुस्तीच्या बिलात न दिसणारं नुकसान

जुन्या गाड्यांचा मुरलेला व्यापारी गाडीचं दार उघडल्यावर लगेच सीटवर बसत नाही. आधी दाराच्या कडेचं रबर ओढून काढतो आणि आतल्या पत्र्यावरून अंगठा फिरवतो. कंपनीतून आलेल्या पत्र्यावर स्पॉट वेल्डिंगचे गोल ठिपके ठरावीक अंतरावर असतात. त्या ठिपक्यांऐवजी हाताने ओढलेली वेल्डिंगची रेघ लागली, की रबर परत बसवलं जातं आणि निकाल लागतो : ‘‘गाडी ठोकायेल शे, भाऊ.’’ मग इंजिन कितीही गोड चालो, भाव खाली येतो तो येतोच. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा पायाच्या नळीवरून हात फिरवतो, तसाच हा अंगठा. जुनं दुखणं बरं झालं असलं तरी किंमत त्याची धरली जाते.

माझा व्यवसाय वाहनांच्या नुकसानीच्या मूल्यमापनाचा. नंदुरबार जिल्ह्यात पिकअप ही बहुतेकांची चैन नसते, भांडवल असतं. शहाद्याची पपई, नंदुरबारच्या बाजारात येणारी मिरची, गुजरातकडे ऊसतोडीला जाणारं बिऱ्हाड, सगळं तिच्यावर चालतं. कर्ज फिटत आलं की जुनी विकायची, आलेल्या पैशात भर घालून नवी घ्यायची, हे गणित इथला प्रत्येक गाडीवाला मनात बाळगून असतो. अपघातानंतर गाडी रंगरंगोटी होऊन दारात उभी राहते, विम्याचा क्लेम मिळतो आणि सगळं मार्गी लागलं असं वाटतं. खड्डा कळतो तो विकायला काढल्यावर. तोवर समोरच्याकडे मागण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते.

ही घट आपली स्वतःची पॉलिसी देत नाही, हे आधी स्पष्ट करतो. मोटार पॉलिसीच्या प्रमाणित शब्दांतच परिणामस्वरूप होणारं नुकसान आणि घसारा वगळलेला आहे. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर म्हणून गाडी बघतो तेव्हा डोळ्यांसमोर पिलर कापलेला दिसत असूनही बाजारभावाच्या घटीचा एक रुपया अहवालात धरू शकत नाही. दुरुस्तीचा खर्च विमामूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरली जाते. त्याच्या आत राहिला तर दुरुस्ती, तीही प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के कापून, जर झिरो डेप घेतलेलं नसेल तर. ही कपात सुट्या भागांची. गाडीच्या बाजारभावातली घट हा वेगळाच हिशेब आहे आणि गाडीवाले दोन्हींची गल्लत करतात.

घट मागायची ती चूक करणाऱ्याकडे आणि त्याच्या विमा कंपनीकडे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६५ प्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मृत्यू आणि दुखापतीबरोबर त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीचाही दावा ऐकतं आणि कलम १६८ त्याला न्याय्य वाटेल ती भरपाई ठरवायला सांगतं. ती गॅरेजच्या बिलापुरतीच असावी असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. तरी माझ्याकडे येणारे मालमत्तेचे दावे बिलाशी येऊन थांबलेले असतात. त्याहून पुढे मागता येतं, हे गाडीवाल्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

बाहेर हा प्रश्न कधीच मार्गी लागलाय. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९६१ मध्येच अशी घट मान्य केली. गाडी नीट दुरुस्त झाली तरी लपलेल्या दोषाच्या शंकेने बाजार तिला कमी भाव देतो आणि तो तोटा खरा आहे, हे त्यामागचं तत्त्व. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २००१ च्या मॅब्री खटल्यानंतर तर मालकाच्या स्वतःच्या विमा कंपनीलाही ही घट मोजावी लागते. मला मात्र आपल्या दृष्टीने जास्त शिकवणारा वाटतो तो इंग्लंडचा १९७४ चा पेटन विरुद्ध ब्रुक्स. तिथे अपील न्यायालयाने तत्त्व मान्य केलं, पण दावा मात्र टिकला नाही. प्रत्यक्ष घट झाली हे पुराव्याने सिद्ध झालं नव्हतं.

आपल्याकडेही गाडं पुराव्यापाशीच अडेल. समजा, दोन वर्षांची पिकअप अपघाताच्या आदल्या दिवशी ७ लाखांना गेली असती आणि चेसिस ओढून सरळ केल्यावर पावणेसहा लाखांना मागतात. हा सव्वा लाख तोंडी सांगून मिळणार नाही. गाडी गॅरेजला देण्याआधी, नंबर प्लेट दिसेल असे चारही बाजूंचे फोटो हवेत. पत्रा उघडल्यावर आतले फोटो हवेत. ते कुणी काढत नाही, आणि खरा पुरावा तोच असतो. कापलेला पिलर, वाकलेला एप्रन, बदललेला चेसिसचा भाग बिलात नावानिशी लिहून घ्यावा, ‘डेंटिंग-पेंटिंग’ अशा एका ओळीत गुंडाळू देऊ नये. मग अपघाताआधीची आणि दुरुस्तीनंतरची किंमत लेखी घ्यावी, तीही अशा माणसाकडून जो उद्या कोर्टात येऊन सही ओळखेल. आणि क्लेमचे पैसे घेताना पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलंय का, हे वाचल्याशिवाय सही करू नये. एकच दुरुस्ती दोन्ही कंपन्यांकडून मिळत नाही. मागायचं ते उरलेलं.

प्रत्येक ठोकरीत घट असतेच असं नाही, हेही मी तितक्याच ठामपणे सांगतो. बंपर, हेडलाइट, बोनेट, बोल्टने बसणारं दार बदललं तर बाजार फारसं मनावर घेत नाही. दहा वर्षं राबलेल्या, आधीच दोनदा ठोकलेल्या गाडीची घट मागायला कुणी आलं तर मी अहवाल देत नाही. असे दावे खऱ्या दाव्यांची पत घालवतात.

आपला जिल्हा सीमेवरचा. सुरत-धुळे महामार्गावर, नवापूर-विसरवाडी-कोंडाईबारी या पट्ट्यात, समोरची गाडी अनेकदा परराज्यातली असते आणि गाडीवाला ‘आता सुरतेला कुठे खेटे घालू’ म्हणून सोडून देतो. गरज नाही. कलम १६६ प्रमाणे अपघात झाला तिथे, प्रतिवादी राहतो तिथे किंवा आपण स्वतः राहतो तिथे, यांपैकी कुठेही अर्ज करता येतो. सोनगडला ठोकर झाली तरी नंदुरबारला दावा लागतो. फक्त २०१९ च्या दुरुस्तीने घातलेली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेली सहा महिन्यांची मुदत ध्यानात ठेवावी. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नये.

आणखी एक मेख समोरच्याच्या पॉलिसीत असते. त्रयस्थाच्या मालमत्तेसाठी कार आणि व्यावसायिक वाहनांच्या पॉलिसीत साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, पण हप्त्यात थोडी सूट मिळते म्हणून ते ६,००० रुपयांवर आणून ठेवता येतं. तसं असेल तर वरची रक्कम मालकाच्या खिशातून वसूल करावी लागते. म्हणून वकिलांना मी सांगतो, पॉलिसीची प्रत पहिल्याच दिवशी मागा.

साक्षीला उभं राहिल्यावर उलटतपासणीत प्रश्न ठरलेला असतो : गाडी आज व्यवस्थित चालते ना? चालते, असंच मी सांगतो, कारण ते खरं असतं. मग कोटिंग गेजने घेतलेले आकडे पुढे ठेवतो. कंपनीचा रंग साधारण शंभर-दीडशे मायक्रॉनचा. पिलरवर लांबी भरलेल्या जागी तो पाचशेच्या वर जातो. गाडी घ्यायला येणाऱ्याच्या हातात असं यंत्र नसतं, पण त्याचा अंगठा नेमका त्याच जागी थांबतो. सव्वा लाख जातात ते तिथे.