टॅब्लेटवर नस्तालीक

सीताबर्डीतून घेतलेल्या बिननावाच्या टॅब्लेटवर उर्दू दिसायची, पण नस्ख वळणात, सपाट ओळीवर. आमच्या मुलांचे डोळे नस्तालीकला सरावलेले. त्यात अक्षरं तिरकी खाली उतरतात. ओळखीचा धडाही ती अडखळत वाचत. टॅब्लेट फॉन्ट बदलू देईना, म्हणून दुसरी अँड्रॉइड रॉम टाकली.

अशा टॅब्लेटचं मागचं झाकण उघडून चिप आणि बोर्डाचा क्रमांक बघावा लागतो. चिप जुळली, पण टचस्क्रीनचा ड्रायव्हर वेगळा निघाला, तर चित्र दिसतं, बोट चालत नाही. म्हणून जुन्या सिस्टीमचा बॅकअप आधी घेतला. मग गूगलचा मोफत 'नोटो नस्तालीक उर्दू' फॉन्ट बसवला.

मराठीच्या तासाला मुलांना देवनागरी ओळखीच्या रूपात मिळते. उर्दूच्या तासालाही तेवढंच हवं होतं.