अर्धा कोयता

दसऱ्याचे सोने लुटून झाले, की बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. धारूर, केज, पाटोदा, शिरूर कासार, कुठल्याही रस्त्यावर उभे राहा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, चूल, शेळी आणि त्यांच्यावर रेलून बसलेली पोरे दिसतील. ही मंडळी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या साखर कारखान्यांवर निघालेली असतात. त्याच सुमारास आपल्याकडे करंज्यांसाठी साखर दळायला काढलेली असते.

या धंद्याचे गणित साधे आहे. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या, दोघांनी गाडी भरायची. मुकादमाची उचल मिळते ती या जोडीवर. एकटा माणूस म्हणजे नुसता ‘अर्धा कोयता’!

आता या जोडीतल्या एकाचा पाय निकामी झाला किंवा डोळे गेले, तर? उरलेला अर्धा भरून काढायला घरात कोण असते? थोरली मुलगी. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते, मास्तर तिचे नाव पुकारतात, आणि मागून कोणीतरी सांगते, ‘ती कारखान्याला गेली.’ पुढे जोडी जमावी म्हणून अशा मुलींची लग्नेही लवकर उरकली जातात.

सरकार काहीच करीत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. तिच्यातले महिना १,००० रुपये २०२३ साली १,५०० झाले, आणि अपंगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० ठरले. हे पैसे अपंग माणसाचे. मुलांसाठी निराळी बालसंगोपन योजना आहे. तिला आता सावित्रीबाई फुल्यांचे नाव दिले आहे. मुलाला अनाथाश्रमात न धाडता घरच्या माणसांतच वाढवावे, हा तिचा हेतू. २०२३ पासून दर मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. पूर्वी १,१०० मिळत. पैसा मुलाच्या नावाने येतो, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते.

अडते ते एका शब्दावर. अपंगत्वाच्या कारणाने ही मदत हवी, तर ‘दोन्ही’ पालक अपंग असावे लागतात. ही अट लिहिणाऱ्याने उसाचा फड पाहिला नसावा. तिथे एकाचा हात गेला, की दोघांचे काम बसते. ‘अपंग’ खोडून सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ लिहिले गेले (त्याला खर्च फारसा येत नाही!), तसे ‘दोन्ही’ खोडून ‘एक’ लिहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

शिवाय कागदपत्रे आहेतच. अपंगत्वाचा दाखला सरकारी दवाखान्यातून, उत्पन्नाचा तहसीलमधून, आणि हयातीचाही दाखला द्यावा लागतो. बीडचा ऊसतोड्या वर्षातले पाचसहा महिने दुसऱ्याच जिल्ह्यात खोपटात असतो. एका दाखल्यासाठी गावी यायचे, तर तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते आणि मुकादमाची परवानगीही लागते.