वळचणीचा पहारा

गणपतीपूर्वीची उघडीप साधून आज आमच्या कोकणातल्या घराच्या वळचणीला दोन कॅमेरे बसविले. वडिलांच्या पश्चात आई एकटीच राहते, आणि गेल्या वैशाखात परसातला पाण्याचा पंप चोरीस गेल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता नव्हती.

जमिनीपासून साधारण दहा फुटांवर, जिथे वाशांची टोके बाहेर येतात आणि पागोळ्या हातभर पुढे पडतात, तो आडोसा मुक्रर केला. कारण यंत्रावर धूळपाण्यापासून संरक्षणाची ‘आयपी ६६’ ही खूण असली, तरी आमच्या मुलखातला तिरपा पाऊस महिनोन्‌महिने झेलण्यापेक्षा छपराचा आश्रय केव्हाही श्रेयस्कर. तार भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोल दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशीच ठिबकते.

रात्री मात्र चित्र पांढरेफटक दिसू लागले. शिडी लावून पाहिले, तो भिंगासमोर कोळ्याचे ताजे जाळे. कॅमेऱ्याचा अदृश्य अवरक्त प्रकाश त्याच्यावरूनच परतत होता. केरसुणीने ते झाडले आणि अंगण, तुळशीवृंदावन, बेडे सारे स्पष्ट झाले.

शेजारच्या काकूंचे खळेही दृष्टीच्या टप्प्यात येत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. परंतु तो निवाडा नसता तरी माणसाने आपला पहारा आपल्या हद्दीतच ठेवावा, असे मला मनापासून वाटते. कॅमेऱ्याची मान वळविली, काकूंना बोलावून पडद्यावर खातरजमा करून दिली. आता त्यांच्या बाजूची फक्त गडग्याची कड दिसते.