भिगवणचे रोहित आणि शटरचा वेग

१९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे फुगत गेलं. या फुगवट्याच्या उथळ कडेला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. ते पाहायला भाचीला घेऊन भिगवणजवळच्या कुंभारगावात पोहोचलो, तेव्हा नुकतं तांबडं फुटत होतं. तिच्या गळ्यात नवा कॅमेरा होता, पूर्ण ऑटोवर.

नाव निघाली. काठावरच्या चित्रबलाकांचा तिनं फोटो काढला. सगळंच पुसट.

“मामा, फोकस चुकला म्हणावं तर चौकोन पक्ष्यावरच होता.”

फोटो मोठा करून पाहिला. पक्षी, गवत, काठ, सगळ्यांच्या कडा एकाच दिशेला ओढल्या गेल्या होत्या. फोकस चुकला असता तर पुढचं किंवा मागचं काहीतरी स्पष्ट आलं असतं. इथे कॅमेराच हलला होता. शटर होतं १/६० सेकंद. उजेड कमी म्हणून ऑटोनं ते जास्त वेळ उघडं ठेवलेलं. लेन्स ३०० मिलिमीटरची असेल तर हातात धरून निदान १/३०० तरी हवं, डुलत्या नावेत त्याहून जलद.

डायल शटर प्रायॉरिटीवर नेली, वेग १/८००, कमी उजेडाच्या भरपाईला आयएसओ ऑटो. फोटोत दाणे आले, पण बलाकाची पिवळी चोच टोकापर्यंत स्वच्छ दिसली. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सावरणं फार कठीण.

पुढे नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि बांबूनं नाव रेटत नेली. रोहित माना खाली घालून, उलट्या चोचीनं चिखल गाळत होते. ऊनही चांगलं वर आलं होतं. आता ॲपर्चर प्रायॉरिटी, लेन्सचं छिद्र एफ ८, म्हणजे रांगेतले पुढचे-मागचे पक्षी बरेचसे स्पष्ट यावेत. शटरच्या आकड्यावर मात्र नजर हवीच.

तेवढ्यात दूरचा थवा पाण्यावरून धावू लागला. रोहित उडण्याआधी असे धावतात, तीच आपल्याला मिळणारी सवड. पुन्हा शटर प्रायॉरिटी, १/२०००, फोकस सतत पाठलाग करणारा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपल्या हाताचा कंप शोषतं, फडफडणारा पंख थांबवत नाही. तिच्या फोटोत गुलाबी पंखांची काळी किनार आली.

भिगवणला चिलापी खाताना तिनं विचारलं, “मग कुठला मोड चांगला?”

मॅन्युअलची घाई नको. आधी काय हलतंय ते बघ. पक्षी किंवा नाव हलत असेल तर शटर आपण ठरवायचं, सगळं स्थिर असेल तर ॲपर्चर. उरलेलं कॅमेरा सांभाळतो. आणि पहिला फोटो तिथेच मोठा करून पाहायचा. पुसटपणाचं कारण कळलं की पुढचा सुधारता येतो.