इंद्राणीचा हत्ती

आमच्या सोप्यात टीव्हीच्या वर एक फोटो आहे. घरी येणारा पाहुणा तो बघतोच, आणि चुकून नाही बघितला तर आमचे हे दाखवतात. फोटोत हत्ती आहे. हत्तीवर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट घालून हे बसलेत आणि ह्यांच्या मागं मी. नऊवारी शालू, नथ, माझ्याही डोक्यावर मुकुट, आणि चेहऱ्यावर असं हसू की बघणाऱ्याला कळावं, बाई घाबरली आहे.

फोटो 2003 सालचा. गावच्या बस्तीचं पंचकल्याण होतं आणि सौधर्म इंद्राचा सवाल आमच्या मामंजींनी घेतला होता. रक्कम इथं लिहीत नाही, पण त्या वर्षीचं उसाचं बिल घरात आलंच नाही, एवढं सांगते. सवाल मामंजींचा, आणि इंद्र-इंद्राणी म्हणून बसलो आम्ही. जन्मकल्याणकाच्या दिवशी इंद्राणीनं प्रसूतिगृहातून बाळ तीर्थंकरांना बाहेर आणायचं, इंद्रानं त्यांना ऐरावतावर घेऊन पांडुकशिलेकडं जायचं आणि तिथं एक हजार आठ कलशांनी अभिषेक. हे सगळं लहानपणापासून बघत आलेली मी, पण स्वतः ऐरावतावर बसायचं म्हटल्यावर आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

ऐरावत ट्रकमधून आला. आणि खरं सांगायचं तर तो ऐरावत नव्हता, हत्तीण होती. कपाळावर खडूची नक्षी, पाठीवर जरीची झूल, मागच्या पायात साखळी. शिडी लावून आम्हाला वर चढवलं. चढताना माझं लक्ष तिच्या पायाकडं गेलं. साखळी जिथं घासत होती तिथली कातडी गुळगुळीत, केस नसलेली, चकाकणारी. आणि डोळ्यातून पाण्याची धार. मी माहुताला विचारलं, "रडतीय का हो ती?" तो म्हणाला, "न्हाई अक्का, हत्तीचं असंच असतंय." पुढं कितीतरी वर्षांनी वाचनात आलं की हत्तीच्या डोळ्यातलं पाणी नाकात उतरायला वाट नसते, त्यामुळं ते असंच बाहेर वाहतं. म्हणजे माहूत खोटं बोलत नव्हता. पण माझ्या मनातून ती धार गेली नाही, हेही तितकंच खरं.

बायका खालून ओवाळत होत्या. माहेरची माणसं खास आली होती. माझी आई रस्त्याच्या कडेला उभी राहून रडत होती, आनंदानं. त्या तासाभरात मला जो अभिमान वाटला तो आयुष्यात परत कधी वाटला नाही. हे मी लपवणार नाही.

तर ह्या अशा इंद्राणीला गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या एप्रिलमध्ये, लेकीनं म्हैसूरहून फोन केला. "आई, ये आठ दिवस. तुम्हा दोघांना खरे हत्ती दाखवते."

"म्हणजे आम्ही बसलो तो खोटा होता का?" फोन स्पीकरवर होता, ह्यांनी लगेच विचारलं.

म्हैसूरहून सकाळी निघायचं, दुपारची सफारी करायची आणि रात्री परत, असा एका दिवसाचा बेत जावयांनी आखला. मला काळजी एकच. दुपारची सफारी संपेपर्यंत सूर्य मावळणार, आणि आम्ही दोघं सूर्यास्तानंतर जेवत नाही. जंगलात जीपमध्ये डबा उघडायला बंदी, आणि असायलाच हवी. मग पहाटे उठून कडक भाकरी, शेंगाची चटणी, मटकीची उसळ असा डबा बांधला आणि एच. डी. कोटेच्या पुढं एका चिंचेखाली दुपारी दीडलाच जेवण उरकलं. जावई म्हणाले, "आई, आत्ता तर नाश्ता झाला." मी म्हटलं, "हे रात्रीचं समजा."

अंतरसंते मागं टाकून दम्मनकट्टेच्या फाटकाशी पोचलो. हा नागरहोळे राष्ट्रीय उद्यानाचा कबिनीकडचा भाग. वनखात्याच्या बसही असतात, पण आम्हाला जीप मिळाली. चालक तिथलाच, चाळिशीचा. मी आपली बेळगावी कन्नडमध्ये विचारलं, "एष्टु आनी अदाव्री?" तो इतका मनापासून हसला की मलाच लाजल्यासारखं झालं. त्यांचं कन्नड वेगळं, आमच्यासारखं री-री करणारं नाही. पण त्या एका वाक्यानं त्याची-माझी ओळख झाली आणि पुढचा सगळा वेळ तो माझ्याशीच बोलत राहिला.

पहिला दीड तास काहीच नाही. काहीच नाही म्हणजे हरणं, वानरं, मोर, आणि धूळ. जंगल एप्रिलमधलं, सागाची पानं गळलेली, खाली सगळीकडं घाणेरीचं रान माजलेलं. समोरून येणारी प्रत्येक जीप थांबून एकच विचारायची, वाघ दिसला का? हत्तीचं कुणी विचारत नव्हतं. हत्ती म्हणजे वाघ नाही दिसला तर समाधान मानायची गोष्ट, असा तिथला हिशेब दिसला. मला त्याचा जरा रागच आला.

चालकानं वाटेत काकनकोटेची गोष्ट सांगितली. ह्याच रानाचं ते नाव. म्हैसूरच्या राजांच्या काळात इथं हत्ती धरायचा 'खेड्डा' व्हायचा. शेकडो माणसं ढोल, मशाली, बंदुकांचे बार घेऊन कळपाला मागून हाकायची. कळप नदीत घालायचा, पलीकडच्या काठावर भक्कम लाकडांचं कुंपण तयार असायचं, त्यात कोंडायचा. मग माणसाळलेले हत्ती आत सोडायचे आणि त्यांच्या मदतीनं नव्यांच्या पायात दोर अडकवायचे. नदी ओलांडताना बघायला मोठमोठे पाहुणे येत. शेवटचा खेड्डा 1971 साली झाला. पुढच्याच वर्षी वन्यजीव कायदा आला, आणि 1974 मध्ये कबिनीवरचं धरण पुरं झालं, तसं त्या रानातलं बरंचसं पाण्याखाली गेलं. चालकाचे आजोबा त्या शेवटच्या खेड्ड्यात ढोल वाजवायला होते.

"आजोबा काय सांगायचे?" मी विचारलं.

"पिल्लं पोहताना आया त्यांना सोंडेनं वर धरायच्या, तेवढंच सांगायचे," तो म्हणाला. "बाकी नाही बोलायचे."

ह्यांनी विचारलं, धरलेले हत्ती कुठं जायचे? तो म्हणाला, लाकडं ओढायला. राजवाड्यात. देवळांत. मठांत.

आम्ही दोघं एकमेकांकडं बघितलं नाही.

आणि मग झाडी संपली, समोर पाणी आलं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटतं आणि उघड्या पडलेल्या चिखलावर कोवळं गवत उगवतं. रानात सगळं वाळलेलं असताना हिरवं तेवढंच, म्हणून हत्ती लांबलांबून इथं उतरतात. पाण्यात बुडालेल्या जुन्या झाडांचे काळे बुंधे अजून उभे आहेत. मला आधी वाटलं काठावरही बुंधेच आहेत. मग त्यातला एक हलला.

मी मोजायला लागले. अठ्ठावीसपर्यंत मोजले, मग पिल्लं आयांच्या पायांमागं लपायला लागली आणि मोजणी चुकली. गवत उपटायचं, सोंडेनं पायावर आपटून माती झाडायची, मग तोंडात घालायचं. आपण मेथी झाडून घेतो अगदी तसं. एक पिल्लू फारच लहान होतं. त्याला स्वतःची सोंड म्हणजे काय ते अजून कळलं नव्हतं. ते गुडघे टेकून तोंडानंच पाणी पीत होतं आणि सोंड आपली बाजूला लोंबत होती. लेक हसली, मीही हसले. जीपमध्ये बाकी आवाज नाही. त्यांचाही नाही. गवत तुटल्याचा तेवढा कर्र कर्र.

मला आठवली ती वज्रघोषाची गोष्ट. पार्श्वनाथ भगवंतांचा तो पूर्वभव, मरुभूतीचा जीव मरून सल्लकी वनात हत्ती झाला तो. आत्याबाई चातुर्मासात दरवर्षी सांगायच्या. मदानं उन्मत्त झालेला तो हत्ती अरविंद मुनींच्या अंगावर धावून जातो, जवळ पोचताच त्याला पूर्वजन्म आठवतो आणि तो शांत होतो. मुनी त्याला श्रावकाची व्रतं देतात. मग तो वाळलेली पानं खातो आणि दुसऱ्या हत्तींनी तुडवून प्रासुक झालेलं पाणी तेवढं पितो. शेवटी अशक्त होऊन चिखलात रुततो आणि कमठाचा जीव सर्प होऊन त्याला डसतो.

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली, पाठशाळेत मुलांना सांगितली. पण त्यातला हत्ती माझ्या डोळ्यासमोर बस्तीच्या भिंतीवरच्या रंगीत चित्रासारखा होता. त्या दिवशी पहिल्यांदा हत्ती जेवताना बघितला. दिवसाला दीडशे किलो चारा लागणारा जीव. दिवसाचा बहुतेक वेळ त्याचं खाणंच चालतं. तसल्या देहानं समोरचं हिरवं सोडून वाळली पानं खायची! मी दुपारी दीडला जेवून संध्याकाळच्या उपाशी राहण्याचं मनातल्या मनात कौतुक करत होते, ते तिथंच गळून पडलं. आणि आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुनींनी त्याच्या पायात काही घातलं नव्हतं. रान सगळं मोकळं होतं. व्रत त्यानं स्वतः पाळलं.

उन्हं उतरल्यावर जीप वळवली. फाटक जवळ आलं असेल, एवढ्यात चालकानं कचकन ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं. डावीकडच्या घाणेरीतून एक हत्तीण रस्त्यावर आली आणि आमच्याकडं तोंड करून उभी राहिली. पंधरा पावलांवर. कान सुपासारखे पसरलेले. एक पुढचा पाय ती पुढं-मागं झुलवत होती. चालक कुजबुजला, "हलू नका. म्हातारी आहे. हिच्या मागं कळप असणार."

हत्तींच्या कळपात बायकांचंच राज्य असतं, सगळ्यांत वयस्कर मादी पुढं. हे मला माहीत होतं. पण ती म्हातारी समोर उभी राहते तेव्हा माहितीचा काही उपयोग होत नाही. माझं लक्ष तिच्या त्या झुलणाऱ्या पायावर खिळलं. गुडघ्यापर्यंत ओला चिखल, वर राठ केस, खरखरीत सुरकुत्या. कुठंही गुळगुळीत वळं नाही. तिच्या मागून एक एक करत बाकीच्या रस्ता ओलांडून गेल्या, मध्ये दोन पिल्लं, शेवटी एक तरणी हत्तीण. म्हातारी सगळ्यात शेवटी हलली. जाताना तिनं आमच्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. हे सबंध वेळ पुटपुटत णमोकार म्हणत होते. भीतीनं की भक्तीनं, मी विचारलं नाही.

म्हैसूरला परतताना गाडीत अंधार होता. लेक-जावयांनी वाटेत कॉफी घेतली, आम्ही दोघं तोंड मिटून बसलो. गावच्या बस्तीचं नवं शिखर होत आलं होतं, त्याचं पंचकल्याण पुढच्या माघात ठरत होतं, आणि ह्यांच्या मनात होतं की इंद्राचा सवाल पुन्हा आपल्याच घरी यावा. ह्या खेपेला मुलगा आणि सून. सोप्यातल्या फोटोशेजारची जागा त्यांनी आधीच हेरून ठेवली होती. मी म्हटलं, "सवाल घ्या. माझी ना नाही. पण हत्ती नको. रथ करू."

बराच वेळ काही उत्तर नाही. म्हैसूरचे दिवे दिसायला लागले तेव्हा हे म्हणाले, "लोक म्हणतील, ह्यांना पैसे कमी पडले."

ते खोटं नव्हतं. लोक म्हणतातच.

एप्रिलचं हे झालं. जुलैमध्ये नांदणीच्या मठातली महादेवी न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला गेली. तीस वर्षांहून जास्त काळ ती त्या मठात होती. आमच्या सगळ्या भागात त्या दिवसांत घराघरांत चूल थंड होती म्हटलं तरी चालेल. मीही रडले, पोटभर रडले. जाऊबाई म्हणाल्या, "तू का रडतीस? तुला तर जंगलातलेच हत्ती आवडतात." मला उत्तर देता आलं नाही. ऑगस्टमध्ये नांदणीहून कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली, त्यात आमच्या घरचे दोघंजण चालले, त्यांच्या पायाचे फोड मीच बघितले, मीच औषध लावलं. माणसाच्या हातचा घास खाऊन म्हातारी झालेली हत्तीण कबिनीच्या काठावर नेऊन सोडता येत नाही, एवढं मला कळतं. तिच्यावर जीव लावणाऱ्यांचं दुःख खरं होतं, हेही कळतं. आणि काकनकोटेच्या नदीत पिल्लाला सोंडेनं वर धरणारी ती कुणाची तरी आई होती, हेही. तिन्ही एकदम मनात घेऊन मी भाकऱ्या थापत होते.

दिवाळीनंतर कमिटीची माणसं आमच्याकडं आली. सोप्यात सतरंजीवर कागद पसरले, मांडव, वाजंत्री, विधानाचे पंडित, जेवणाच्या पंगती, एक एक आकडा लिहिला जात होता. मी आत चहा करत होते. कुणीतरी विचारलं, "आणि ऐरावताचं काय करायचं? आत्तापासून सांगून ठेवायला पाहिजे, ह्या वर्षी मिळणं अवघड जाणार."

बाहेर शांतता. फोटो तिथंच, सगळ्यांच्या डोक्यावर. ह्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "थांबा, आधी चहा येऊ दे."

मी गाळणी खाली ठेवली, पदर खोचला आणि ट्रे न घेताच बाहेर गेले.