वृद्ध मादीच्या गर्भाशयातील पू : शस्त्रक्रियेविना उपचारांचा एक अनुभव

निर्बीजीकरण न झालेल्या मादी कुत्र्यांना उतारवयात जे आजार जडतात, त्यांतील सर्वांत घातक आजारांमध्ये गर्भाशयात पू साठण्याच्या विकाराची, म्हणजेच पायोमेट्राची, गणना करावी लागते. निर्बीजीकरणाची प्रथा फारशी नसलेल्या स्वीडनमध्ये पाळीव प्राण्यांच्या विम्याच्या नोंदींवरून जे अभ्यास झाले, त्यांत दहा वर्षांच्या वयापर्यंत साधारणपणे पाचांपैकी एक ते चारांपैकी एक मादीला हा विकार होत असल्याचे आढळले. गर्भाशय आणि बीजकोश शस्त्रक्रियेने काढून टाकणे हाच त्यावरचा पहिला आणि खात्रीचा उपचार होय. मात्र जिच्या हृदयाला भूल पेलणार नाही अशा वृद्ध मादीच्या बाबतीत हा उपचारच प्राणावर बेतू शकतो आणि मग औषधांच्या बळावर गर्भाशय रिकामे करण्याचा मार्ग विचारात घ्यावा लागतो. पुण्यातील एका कुटुंबाने आपल्या तेरा वर्षांच्या मादीसाठी हा मार्ग पत्करला. त्या अनुभवाने ठळकपणे पुढे आणलेली गोष्ट अशी, की शस्त्रक्रिया टाळणे म्हणजे सौम्य उपचार निवडणे नव्हे. सर्जनच्या हातून एका बैठकीत होणारे काम त्यामुळे औषध, प्रयोगशाळा आणि घरातील माणसे यांच्यात अनेक आठवड्यांसाठी वाटले जाते आणि त्यांपैकी कोणाचीही कुचराई चालत नाही.

हा विकार उतारवयात का होतो, हे समजण्यासाठी मादीच्या ऋतुचक्राकडे पाहावे लागते. मादी कुत्री साधारणपणे सहा ते आठ महिन्यांनी माजावर येते. स्त्रियांच्या रजोनिवृत्तीसारखी अवस्था तिच्यात नसते, त्यामुळे वय वाढून दोन माजांमधील अंतर लांबले तरी हे चक्र थांबत नाही. माज ओसरल्यावर, गर्भ राहिलेला असो वा नसो, बीजकोशांतून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक सुमारे दोन महिने स्रवत राहते. गर्भासाठी जागा तयार करणे हे त्याचे काम असल्यामुळे ते गर्भाशयाच्या अस्तरातील ग्रंथी वाढवते, तेथील स्नायूंचे आकुंचन रोखते, गर्भाशयाचे मुख मिटवते आणि त्या जागी पांढऱ्या पेशींकडून होणारा प्रतिकार मंदावते. गर्भाविना जाणाऱ्या अशा प्रत्येक चक्रागणिक अस्तर जाड होत जाऊन त्यात द्रवाने भरलेल्या पुटिका तयार होतात; माजाच्या काळात उघड्या मुखातून वर चढलेल्या जीवाणूंना, विशेषतः आतड्यात वसणाऱ्या ई. कोलाय या जीवाणूला, तेथे वाढीला पोषक जागा मिळते. म्हणूनच बहुतेक माद्या माज संपल्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत या विकाराने आजारी पडतात, आणि माज पुढे ढकलण्यासाठी प्रोजेस्टेरॉनसदृश इंजेक्शने दिलेली असतील तर धोका आणखी वाढतो.

गर्भाशयाचे मुख उघडे आहे की मिटलेले, यावरून या विकाराचे दोन प्रकार केले जातात. मुख उघडे असल्यास योनिमार्गातून पिवळसर, तपकिरी किंवा रक्तमिश्रित दुर्गंधीयुक्त स्राव येतो आणि आजार लवकर नजरेस पडतो. मुख मिटलेले असल्यास पू आतच साठत जातो, पोट फुगते, गर्भाशय फुटण्याची भीती निर्माण होते आणि बाहेरून मात्र केवळ मलूलपणा दिसतो. दोन्ही प्रकारांत तहान आणि लघवी वाढते, कारण ई. कोलायच्या विषामुळे मूत्रपिंडे पाणी राखून धरण्याच्या संप्रेरकाला दाद देईनाशी होतात. लघवीतून पाणी वाहून जाते आणि ती तूट भरून काढण्यासाठी प्राणी सतत पाणी पितो. चोवीस तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी प्यायले जात असेल, तर ती तहान रोगाची समजावी असा संकेत आहे. ताप असेलच असे नाही, हे येथे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. कुत्र्याचे प्राकृत तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते आणि जंतुविष रक्तात भिनलेल्या मादीचे तापमान याहून खालीही उतरू शकते.

प्रस्तुत मादी, घरच्यांची राणी, ही स्पिट्झ जातीची, म्हणजे महाराष्ट्रात सरसकट पामेरियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुत्र्यांपैकी, नऊ किलो वजनाची होती. तिच्या हृदयातील डाव्या बाजूची मायट्रल झडप झिजून नीट मिटेनाशी झाली होती. त्यामुळे पूर्वी एकदा फुप्फुसांत पाणी साठले होते आणि पिमोबेंडन व फुरोसेमाइड ही औषधे तिला रोज चालू होती. फुरोसेमाइडमुळेही तहान-लघवी वाढते, त्यामुळे पाण्याचे भांडे लवकर रिकामे होऊ लागल्याचा दोष प्रथम त्या औषधालाच दिला जाऊ शकत होता. तथापि या घरात माजाची तारीख कालनिर्णयच्या पानावर नोंदवण्याची जुनी सवय होती, आणि माज संपून महिना उलटल्यावर वाढलेली तहान, अन्नावरून उडालेली वासना व शेपटीखालच्या केसांना चिकटलेला तपकिरी स्राव या तीन गोष्टी एकत्र मांडल्या गेल्या, तेव्हा डॉक्टरांचा संशय थेट गर्भाशयाकडे गेला. सोनोग्राफीत गर्भाशयाची दोन्ही शिंगे, म्हणजे इंग्रजी वाय अक्षराप्रमाणे फाकणाऱ्या त्याच्या दोन नळ्या, द्रवाने फुगलेल्या दिसल्या. रक्तात पांढऱ्या पेशी बऱ्याच वाढलेल्या होत्या, काहीसा रक्तक्षय होता आणि मूत्रपिंडांच्या कार्याचा निदर्शक असलेले क्रिॲटिनिन किंचित वर सरकले होते.

वय हे स्वतः शस्त्रक्रिया नाकारण्याचे कारण नव्हे, ही भूमिका सर्जनने आरंभीच स्पष्ट केली आणि ती मोलाची होती, कारण म्हाताऱ्या जनावराला आता कशाला कापायचे या मायेपोटी निघणाऱ्या उद्गारामुळे वाचू शकणाऱ्या कितीतरी माद्या दगावतात. सलाईन व प्रतिजैविके देऊन स्थिर केलेल्या वृद्ध माद्यांपैकी बहुसंख्य माद्या या शस्त्रक्रियेतून बऱ्या होतात आणि पूचा उगमच नाहीसा झाल्यामुळे पुन्हा तो आजार सहसा उद्भवत नाही. राणीच्या बाबतीत पारडे दुसऱ्या बाजूला झुकले ते हृदयामुळे. निकामी होत चाललेले हृदय, रक्तात मिसळणारे जंतुविष आणि भुलीमुळे उतरणारा रक्तदाब ही तीन संकटे एकाच वेळी ओढवण्याचा धोका, औषधोपचारातील धोक्यापेक्षा मोठा आहे असे हृदयाची टूडी इको तपासणी पाहून ठरले. गर्भाशयाचे मुख उघडे होते, पोटाच्या पोकळीत पू झिरपल्याची खूण नव्हती आणि ती धक्क्याच्या, म्हणजे रक्तदाब कोसळण्याच्या, अवस्थेत नव्हती. या तीन अटी पुऱ्या होत असल्यामुळेच औषधांचा मार्ग मोकळा झाला. त्याचबरोबर माघार कोठे घ्यायची हेही आधीच ठरवले गेले : उलट्या थांबल्या नाहीत, पोट दुखरे व ताठ झाले, तापमान उतरू लागले किंवा पांढऱ्या पेशी चढत राहिल्या, तर हृदयाचा धोका पत्करूनही शस्त्रक्रिया करायची. शस्त्रक्रियेविना उपचार सुरू करताना अशी सीमारेषा आखणे हा त्या उपचाराचाच भाग मानला पाहिजे, कारण ऐन संकटात मायेने व्याकूळ झालेल्या माणसांकडून ती रेषा आखली जात नाही.

या उपचाराचा कणा म्हणजे अग्लेप्रिस्टोन हे औषध. प्रोजेस्टेरॉन ज्या ग्राहींना, म्हणजे पेशींवरील स्वीकारस्थानांना, चिकटून आपला परिणाम घडवते, त्या ग्राहींवर हे औषध आधीच जागा अडवते. रक्तात प्रोजेस्टेरॉन असूनही गर्भाशयाला त्याची आज्ञा पोहोचत नाही, त्यामुळे मुख अधिक उघडते, स्नायूंना आकुंचनाची शक्ती परत मिळते आणि स्थानिक प्रतिकारही सुधारतो. फ्रान्समधील रूसेल-युक्लाफ या कंपनीत विकसित झालेल्या मिफेप्रिस्टोन या मानवी औषधाच्याच कुळातील हे औषध असून युरोपात ते पशुवैद्यकीय वापरासाठी मिळते. जेथे ते मिळत नाही तेथे काही पशुवैद्य मिफेप्रिस्टोनचा आधार घेतात. अग्लेप्रिस्टोनची मात्रा दर किलोमागे १० मिलिग्रॅम असते आणि ते त्वचेखाली पहिल्या, दुसऱ्या व आठव्या दिवशी, आणि गरज भासल्यास पंधराव्या दिवशीही, दिले जाते. नऊ किलोच्या मादीला त्याप्रमाणे एका वेळी ९० मिलिग्रॅम, म्हणजे तीन मिलिलिटर, द्यावे लागते आणि ती जागा काही काळ दुखरी राहते. गर्भाशय वेगाने पिळून रिकामे करण्यासाठी याच्या जोडीला प्रोस्टाग्लँडिन वर्गातील औषध अनेकदा वापरतात. त्याने गर्भाशय लवकर रिकामे होते. परंतु इंजेक्शननंतर धाप, लाळ, उलट्या, जुलाब असा त्रास होतो, मुख मिटलेले असल्यास गर्भाशय फाटण्याची भीती असते आणि हृदयरोग असलेल्या प्राण्याला ते देऊ नये असा दंडक आहे. गर्भवती स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांनी तर ते हाताळूही नये. राणीसाठी ते वर्ज्य ठरल्यामुळे अग्लेप्रिस्टोन आणि प्रतिजैविक यांवरच भिस्त ठेवावी लागली आणि गर्भाशय सावकाश रिकामे होणार हे गृहीत धरावे लागले.

औषध सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत स्राव कमी न होता एकदम वाढला. हे चिन्ह पाहून घरच्यांची घाबरगुंडी उडणे स्वाभाविक असते, पण पू बाहेर पडणे हेच या उपचाराचे उद्दिष्ट असल्यामुळे स्राव वाढणे ही आशेची आणि तो अकस्मात थांबून पोट फुगणे ही धोक्याची खूण होय. स्रावाचा नमुना प्रयोगशाळेत वाढवून कोणते जीवाणू आहेत व ते कोणत्या प्रतिजैविकाला बधतात हे तपासले गेले. अहवाल येईपर्यंत ॲमॉक्सिसिलिन व क्लॅव्युलॅनिक आम्ल यांचे मिश्रण दिले गेले आणि ई. कोलाय त्याला बधत असल्याचे निष्पन्न झाल्यावर तेच पुढे कित्येक आठवडे चालू ठेवले गेले. दिसायला बरे वाटू लागल्यावर प्रतिजैविक मध्येच सोडल्याने मागे उरलेले जीवाणू पुन्हा बळावतात, ही गोष्ट माणसांइतकीच कुत्र्यांनाही लागू आहे.

सर्वांत नाजूक प्रश्न सलाईनचा होता. जंतुविषाने त्रासलेल्या मूत्रपिंडांना पाणी हवे होते, तर दुबळ्या हृदयाला तेच पाणी जड जाणार होते; म्हणून सलाईन अत्यंत संथ गतीने देऊन, झोपेत मिनिटाला किती श्वास होतात हे मोजण्याचे काम घरच्यांकडे सोपवले गेले. गाढ झोपेत कुत्र्याचा श्वास मिनिटाला तीसच्या आत राहिला पाहिजे आणि तो त्यावर स्थिरावू लागला तर फुप्फुसांत पाणी साठत असल्याची शंका घ्यावी, हा साधा नियम त्या काळात कोणत्याही यंत्राइतका उपयोगी पडला. रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या गेल्या. हिरड्यांचा रंग गुलाबी आहे ना, बोटाने दाबल्यावर तो दोन सेकंदांत परत येतो ना, पाण्याचे भांडे मापाने भरून किती उरले, लघवी किती वेळा झाली, हे एका वहीत लिहिले जाई आणि दवाखान्यात तीच वही प्रथम उघडली जाई. मागच्या बाजूचे लांब केस कापून तो भाग कोमट पाण्याने पुसला जाई, अंगाखाली जुन्या सुती साड्यांच्या घड्या बदलत्या ठेवल्या जात आणि चाटून पोटात पू जाऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर बांधली जाई. अन्न नाकारणाऱ्या राणीने आसट भातात कुसकरलेली उकडलेली कोंबडी हातातून खाल्ली, तो क्षण रक्ताच्या अहवालापूर्वीच घराला दिलासा देऊन गेला. नंतर अहवालानेही पांढऱ्या पेशी उतरू लागल्याचे दाखवले, क्रिॲटिनिन पूर्वपदावर आले आणि सोनोग्राफीत शिंगे आक्रसत गेलेली दिसली.

तरीही येथे बरे होणे या शब्दाचा अर्थ मर्यादित होता. पू निघून गेला, पण जाड झालेले अस्तर आणि संप्रेरक स्रवणारे बीजकोश शरीरातच राहिले. त्यामुळे पुढच्या माजानंतर विकार उलटण्याची शक्यता कायम राहते आणि वृद्ध माद्यांमध्ये ती विशेष असते. पुढचा माज आला तेव्हा त्याची तारीख नोंदवून तो संपल्यावर काही आठवड्यांनी सोनोग्राफी व रक्ततपासणी ठरवली गेली आणि दोन महिन्यांपर्यंत पाणी मापून देण्याचा नेम पाळला गेला. त्या खेपेस गर्भाशय स्वच्छ आढळले. पुढे राणीचे आयुष्य हृदयाच्या आजाराने ठरवले, गर्भाशयाने नव्हे. आणि जो काळ तिला लाभला तो तिने दारातल्या उन्हात, आपल्या माणसांत, वेदनेवाचून घालवला. इतके साधले हे या उपचाराचे खरे यश होय, आणि ते थोडके नाही.

या एका अनुभवावरून शस्त्रक्रियेला पर्याय सापडला असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. मुख मिटलेले असेल, मूत्रपिंडे ढासळली असतील किंवा मादी धक्क्यात गेली असेल, तर औषधांची वाट पाहण्यात जीव जातो. आणि भूल पेलू शकणाऱ्या मादीला केवळ टाक्यांच्या भीतीने औषधांवर ठेवणे हा तिच्यावर अन्यायच होय. काढे, घरगुती धुण्या किंवा नुसत्या प्रतिजैविकाच्या गोळ्या यांनी प्रोजेस्टेरॉनचा अंमल उठत नाही, म्हणून त्यांना उपचार म्हणताच येत नाही. ज्यांना पिल्ले नको आहेत त्यांनी मादी तरुण व निरोगी असतानाच निर्बीजीकरण करून घेणे हाच या दुःखावरचा खरा उपाय आहे. ज्यांच्या घरी निर्बीजीकरण न झालेली वृद्ध मादी आहे, त्यांनी प्रत्येक माजाची तारीख लिहून ठेवावी, त्यानंतरचे दोन-तीन महिने तिच्या तहानेकडे लक्ष द्यावे आणि शंका येताच, स्राव दिसण्याची वाट न पाहता, सोनोग्राफी करून घ्यावी. कारण शस्त्रक्रिया असो वा औषधे, निवड करायला अवधी मिळतो तो आजार लवकर ओळखला गेला तरच.