टाचणीचा आवाज

वाळूवरून अनवाणी चालण्याचा आवाज करायचा असेल, तर मी आधी बांगड्या काढते, मग कानातलं, मग मंगळसूत्र. धुऊन धुऊन मऊ झालेला सुती कुडता घालते. एसी बंद करायला सांगते. आणि रेकॉर्डिंगच्या आधी थोडंसं खाऊन घेते, कारण इतका बारीक आवाज पकडायला माइकचा गेन इतका वर न्यावा लागतो की रिकाम्या पोटाची गुरगुरसुद्धा ट्रॅकवर उतरते. मग पिटमध्ये जाते. फरशी, लाकूड, खडी, माती असे जमिनीचे तुकडे तिथे कप्प्याकप्प्यांत बसवलेले असतात. वाळूच्या कप्प्यात उभी राहते. समोर पडद्यावर कुणीतरी चालत असतं. त्याचं वजन मी माझ्या पायात घेते.

मी फोली आर्टिस्ट आहे. 1920च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत जॅक फोली या माणसानं चित्र बघत बघत पावलांचे, कपड्यांचे, हाताळलेल्या वस्तूंचे आवाज द्यायला सुरुवात केली. त्याचंच नाव या कामाला पडलं. आपल्याकडे अनेक दशकं सिनेमा डबिंगवर चालला. सेटवरचा आवाज टाकूनच दिला जायचा, त्यामुळे पडद्यावरचं प्रत्येक पाऊल, प्रत्येक पेला, दाराची प्रत्येक कडी स्टुडिओत नव्यानं जन्माला यायची. 2001 मध्ये सिंक साउंडवर चित्रित झालेला ‘लगान’ आला आणि चित्रीकरणाच्या वेळचाच आवाज वापरण्याची पद्धत हळूहळू रुळली. तरी पावलं अजून आमच्याकडेच येतात.

इतकी वर्षं मी सिनेमाची परीक्षणं वाचते ती या पावलांसाठी. कथा, अभिनय, संगीत, छायाचित्रण यांचा हिशेब झाला की शेवटच्या परिच्छेदात ‘ध्वनीची बाजूही उत्तम’ असं एक वाक्य येतं. त्या वाक्याबद्दल माझी तक्रार नाही. आमचं काम बेमालूम झालं तर ते दिसू नये, हेच आम्हाला शिकवलं गेलं. पण समीक्षकाचे कान उघडे असतात का, हा प्रश्न मनात राहायचा. त्याचं उत्तर मला 2018 मध्ये एका अमेरिकी भयपटानं दिलं.

दिग्दर्शक जॉन क्रॅसिन्स्कीचा ‘अ क्वाएट प्लेस’ मार्च 2018 मध्ये टेक्सासच्या ऑस्टिन शहरात, साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. एप्रिलमध्ये तो सगळीकडे लागला. जग उद्ध्वस्त झालं आहे. कुठूनशा आलेल्या प्राण्यांना दिसत नाही, पण ऐकू इतकं तिखट येतं की आवाज करील तो मेला. पडद्यावर पहिली अक्षरं उमटतात ती ‘89वा दिवस’ अशा अर्थाची. ओसाड दुकानात एक कुटुंब अनवाणी वावरतंय. घरापासून गावापर्यंतच्या वाटेवर त्यांनी वाळू अंथरली आहे. न करकरणाऱ्या फळ्या कोणत्या, हे कळावं म्हणून घरातल्या जमिनीवर रंगाच्या खुणा केल्या आहेत. मुलं खेळतात ते मऊ कापडाच्या सोंगट्यांनी. 1 कोटी 70 लाख डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमानं जगभरात सुमारे 34 कोटी डॉलर मिळवले आणि 95 टक्क्यांहून अधिक परीक्षणं त्याच्या बाजूनं आली. माझ्यासाठी यापेक्षा मोठी गोष्ट ही होती की त्यातल्या बहुतेकांत आवाजाबद्दलचं वाक्य शेवटच्या परिच्छेदातून उठून पहिल्यात आलं होतं.

बहुतेकांनी कौतुक केलं ते शांततेचं. मला तिथेच थोडं अडखळायला झालं. मराठीत आपण म्हणतो, टाचणी पडली तरी आवाज येईल अशी शांतता. या म्हणण्यात आमच्या धंद्याचं सगळं शास्त्र आहे. शांतता किती खोल आहे हे कळायला टाचणी पडावी लागते. ट्रॅक नुसता रिकामा ठेवला तर प्रेक्षकाला शांतता ऐकू येत नाही, त्याला वाटतं स्पीकर बंद पडला. म्हणून आम्ही आधी खोलीचा स्वतःचा श्वास घालतो, त्याला रूम टोन म्हणतात. त्यावर लांबचं पान, जवळची बाही, गिळलेला आवंढा. ‘अ क्वाएट प्लेस’मध्ये ध्वनिरचनाकार एरिक आडाल आणि इथन व्हॅन डर रिन यांनी हेच इतक्या संयमानं केलं आहे की मी पहिल्या दहा मिनिटांत पायाची बोटं आत वळवून बसले होते. एरवी स्फोटांनी भरलेल्या सिनेमांवर काम केलेली ही जोडी. त्या प्राण्याची टकटक करणारी चाहूल त्यांनी द्राक्षांना स्टन गनचा झटका देऊन मिळवली. हे कळल्यावर मला कितीतरी वेळ हसू येत राहिलं, आनंदाचं. जगाच्या दुसऱ्या टोकालाही माणसं मंडईतून आणलेल्या वस्तूंवर असेच प्रयोग करत बसलेली असतात.

मी तो पाहिला उपनगरातल्या एका थिएटरात, दुपारच्या खेळाला. सुरुवातीला पॉपकॉर्नच्या पुड्या वाजत होत्या. पाचव्या-सहाव्या मिनिटाला त्या थांबल्या. कुणी कुणाला गप्प बसवलं नव्हतं. माझ्या शेजारच्या मुलानं हातातला घास तोंडात घातला आणि तो न चावता तसाच धरून ठेवला. अमेरिकेतल्या प्रेक्षागृहांबद्दल समीक्षकांनी हेच लिहिलं होतं, की लोक खायचे थांबले. मी ते इथे डोळ्यांनी पाहिलं. मग दिवस भरलेली आई जिन्यावरून खाली येऊ लागली, पायरीवरचा वर आलेला खिळा आपल्याला ठाऊक असतो, आणि त्याच सुमारास मध्यंतर आलं. लख्ख उजेड, जाहिराती, समोशांचा वास. मूळ सिनेमात मध्यंतर नाहीच. एक तास विणलेलं कापड कुणी मधोमध कात्रीनं कापावं तसं वाटलं. उत्तरार्धात शांतता पुन्हा बांधून व्हायला बराच वेळ लागला. त्या दिवशी मला समजलं की प्रेक्षागृहाची शांतता एकदाच तयार होते, आणि ती प्रेक्षकही करत असतात.

या सिनेमात खरोखर काहीच ऐकू न येण्याचे क्षणही आहेत. कुटुंबातल्या मोठ्या मुलीला, रीगनला, ऐकू येत नाही. ती भूमिका मिलिसेंट सिमंड्सनं केली आहे आणि तिला स्वतःलाही ऐकू येत नाही. कॅमेरा तिच्या बाजूला गेला की कानातल्या यंत्रासकट तिचं जग एका दबक्या, खालच्या गुणगुणीत येतं. ती यंत्र बंद करते तेव्हा ट्रॅकवर शून्य. रूम टोन नाही, वारा नाही, काही नाही. ध्वनिमुद्रणात वावरणाऱ्या माणसाला या शून्याची धास्ती असते. आम्ही आयुष्यभर ते टाळतो. त्यांनी ते वापरलं, आणि ते कुठे वापरायचं याचं कारण एका माणसाच्या अनुभवात शोधलं. अनेक समीक्षकांनी हा फरक टिपला आणि एकाच सिनेमातल्या निरनिराळ्या शांततांबद्दल लिहिलं. तेव्हा मला वाटलं, हे ऐकून लिहिलंय.

मला सर्वांत जास्त शिकवलं मात्र तक्रार करणाऱ्यांनी. काहींचं म्हणणं होतं की मार्को बेल्ट्रामीचं पार्श्वसंगीत नको तिथे येतं; एवढी मेहनतीनं उभी केलेली शांतता असताना, आता घाबरा, असं व्हायोलिननं का सांगावं? याच संगीताला पुढे गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. मी सिनेमा दुसऱ्यांदा पाहायला गेले ती फक्त ही तक्रार कानात घेऊन. आणि दोन-तीन ठिकाणी मला ती पटली. संगीत सुरू झालं की खांदे सैल पडतात. कुणीतरी सोबतीला आलं, असं शरीराला वाटतं. नुसत्या वाळूवरच्या पावलांनी जी भीती बसते तिला सोबत नसते. स्तुती करणाऱ्यांनी शांतता आवडली असं सांगितलं होतं. तक्रार करणाऱ्यांना ती मोडली कुठे हे सांगता आलं, म्हणजे त्यांनी ती जास्त जवळून ऐकली होती.

‘न्यू यॉर्कर’मध्ये समीक्षक रिचर्ड ब्रोडीनं तर सिनेमाच्या राजकारणावरच बोट ठेवलं. शेतावरचं एकाकी गोरं कुटुंब, बाहेरून आलेला शत्रू, हाती बंदूक, आणि गप्प राहण्यातच सुरक्षितता. या मांडणीत त्याला मागे नेणारा विचार दिसला. पहिल्या वाचनात मला राग आला. माणसं पावलं कशी टाकतात याचा एवढा ध्यास घेतलेल्या सिनेमात हा काय शोधतोय, असं वाटलं. क्रॅसिन्स्की स्वतः तर ही आई-बापांची गोष्ट आहे, असं सांगत होता. पण राग उतरल्यावर कळलं की ब्रोडीनंही शांतताच ऐकली होती. ती कशी केली हे माझं खातं. गप्प कोण बसलंय आणि कशासाठी, हे विचारणं त्याचं. त्याचा निष्कर्ष मला आजही मान्य नाही, पण त्याचा प्रश्न माझ्या कामात आला आहे. आता एखाद्या दृश्यात बाई गप्प असेल, तर तिच्या बांगड्यांचा आवाज लावण्याआधी मी दिग्दर्शकाला विचारते, ही गप्प बसली आहे की हिला गप्प बसवलंय? दोन्हींच्या बांगड्या वेगळ्या वाजतात.

तेव्हापासून मी एक वही ठेवते. कुठलीही शांतता भेटली की ती कशाची बनली आहे ते लिहून ठेवते. पहाटेचा जिना: पाण्याच्या टाकीची ठिबक, कबुतर, लांबची पहिली लोकल. दवाखान्याबाहेरचं बाकडं: ट्यूबलाइट, रबरी चप्पल, कुणाचं तरी नाक.

‘अ क्वाएट प्लेस’बद्दल सगळ्यांनी विचारलेला प्रश्न असा, की ही माणसं सरळ धबधब्याशेजारी जाऊन का राहत नाहीत? सिनेमात बाप मुलाला धबधब्यापाशी नेतो आणि दाखवून देतो की मोठ्या आवाजाच्या आड लहान आवाज लपतो. तिथे दोघं मोठमोठ्यानं ओरडतात. आमच्या भाषेत हे मास्किंग. मिक्सिंगमध्ये रोजचा प्रश्न, पाऊस वाढवला की पावलं बुडतात. धबधब्याच्या प्रश्नाचं मला सुचणारं उत्तर तांत्रिक होतं: तुमचा आवाज त्यांना ऐकू येणार नाही, तशी त्यांची चाहूल तुम्हालाही येणार नाही. दुसरं उत्तर मला घरात मिळालं.

माझे बाबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. जानेवारी 1982 मध्ये संप सुरू होईपर्यंत जवळजवळ पंधरा वर्षं. साचे चालू असताना तिथला आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असायचा. कामगार एकमेकांशी बोलायचे ते ओठांवरून आणि हातांनी. घरी आल्यावरही बाबा चहा हवा असला की बोटांनी सांगायचे. लहानपणी आम्हाला तो त्यांचा तुसडेपणा वाटे. पुढे दोन्ही कान गेले. कानात यंत्र आलं, ते शिट्टी मारतं म्हणून बाबा ते अर्धा वेळ बुशकोटाच्या खिशात ठेवतात.

थिएटरात पाहिल्याच्या पुढच्या वर्षी मी हा सिनेमा घरी टीव्हीवर लावला तेव्हा बाबा शेजारी येऊन बसले. खुणांच्या भाषेखाली येणारी इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत, पण त्यांनी मला एकदाही काही विचारलं नाही. सगळ्यांचे हात आणि चेहरे ते नीट बघत होते. प्राणी आला तेव्हा घाबरले नाहीत. कुटुंब हातांनी बोलत जेवत होतं तेव्हा मात्र पुढे झुकले. मग धबधबा आला. बाप तोंड उघडून ओरडला, मुलगा ओरडला. बाबांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

“साचेखातं,” ते म्हणाले.

मी मान हलवली.

“तिथं मी गायचो. रोज. पाळी संपेपर्यंत. शेजारच्या साच्यावरच्यालाबी ऐकू जायचं नाही.”

मी त्यांच्याच घरात वाढले. बाबांना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. तेव्हाच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड, तिथे माणूस कुठे गाणार? जगातल्या समीक्षकांनी त्या धबधब्याबद्दल तर्क लढवले होते, मी मास्किंग सांगत बसले होते. मोठ्या आवाजाच्या आड एखाद्याला जागा मिळते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

“काय गायचात, बाबा?” मी त्यांच्यासमोर जाऊन, ओठ नीट हलवून विचारलं.

त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं. मी टीव्हीचा आवाज कमी केला नाही. धबधबा चालू राहू दिला. त्यांनी डोळे मिटले आणि गायला लागले. स्वतःचा सूर ऐकू येत नसल्यानं तो खाली-वर होत होता, पण लय पक्की होती, साच्याच्या धोट्यासारखी, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातातली पळी हातातच राहिली.

वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे: धबधबा, पंखा, बाबांचा आवाज. पळी वाजली नाही.